संदेश अपुरा का पोहोचतो?
संगणक प्रणालींच्या एकात्मीकरणातील एक मूलभूत प्रश्न

बँकव्यवहार, आरोग्यसेवा आणि शासकीय कारभार या तिन्ही क्षेत्रांचे काम आज अनेक संगणक प्रणालींच्या परस्पर संवादावर अवलंबून आहे. एटीएममधून रक्कम काढणाऱ्या ग्राहकाचे खाते एका बँकेत असते, यंत्र दुसऱ्या बँकेचे असते आणि या दोहोंना जोडणारी विनिमय यंत्रणा तिसऱ्याच संस्थेकडे असते. मोठ्या रुग्णालयात नोंदणी विभाग, प्रयोगशाळा आणि क्ष-किरण विभाग यांच्या प्रणाली वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या काळात तयार केलेल्या असतात. या प्रणाली एकमेकींशी संदेशांच्या रूपाने बोलतात. संदेश पूर्ण पोहोचला तरच व्यवहार पूर्ण होतो.

प्रत्यक्षात मात्र एक दोष पुनःपुन्हा आढळतो. पाठविणाऱ्या प्रणालीने पूर्ण संदेश पाठविलेला असतो, पण स्वीकारणाऱ्या प्रणालीच्या हाती त्याचा पहिला भागच लागतो. कधी शेवटच्या काही ओळी गळतात, तर कधी दोन संदेश एकमेकांना चिकटून येतात. अशा वेळी 'नेटवर्क खराब आहे' असा निष्कर्ष काढून बाजूला होण्याकडे कल असतो. बहुतेक प्रकरणांत नेटवर्कने दिलेला शब्द तंतोतंत पाळलेला असतो. तो शब्द नेमका काय होता, हेच प्रणाली तयार करणाऱ्यांनी नीट लक्षात घेतलेले नसते.

एकात्मीकरणाची साधने

दहा प्रणालींपैकी प्रत्येकीला दुसऱ्या प्रत्येकीशी थेट जोडायचे म्हटले तर ४५ स्वतंत्र जोडण्या कराव्या लागतात. वीस प्रणालींसाठी हीच संख्या १९० होते. हा पसारा आवरण्यासाठी एकात्मीकरण फ्रेमवर्क वापरले जाते. ग्रेगॉर होपे आणि बॉबी वुल्फ यांच्या 'एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स' या २००३ मधील ग्रंथाने संदेशांवर आधारित जोडणीच्या रूढ पद्धतींना निश्चित नावे दिली. या विचारावर उभे असलेले 'अपाचे कॅमेल' हे मुक्त स्रोत फ्रेमवर्क २००७ पासून उपलब्ध आहे. संदेश कोठून घ्यायचा, त्यावर कोणती प्रक्रिया करायची आणि तो कोठे द्यायचा, याचा मार्ग त्यात थोड्या ओळींत लिहिता येतो.

नेटवर्कवरून प्रत्यक्ष बाइट वाचण्याचे काम कॅमेल स्वतः करीत नाही. त्यासाठी ते 'नेटी' किंवा 'मिना' या जावा भाषेतील ग्रंथालयांची मदत घेते. या ग्रंथालयांत वाचनबफरचा आकार, ओळीची कमाल लांबी अशी काही मूल्ये आधीच ठरविलेली असतात. फ्रेमवर्कमुळे काम सोपे होते, पण ही मूल्ये नजरेआड होतात. अपुऱ्या संदेशांच्या अनेक तक्रारींचे मूळ याच नजरेआड झालेल्या मूल्यांत सापडते.

टीसीपीने दिलेला शब्द

इंटरनेटवरील बहुतांश विश्वसनीय संवाद टीसीपी या प्रोटोकॉलवर चालतो. त्याची मूळ कल्पना व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडली. त्याचे प्रमाण दस्तऐवज, आरएफसी ७९३, सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने त्याची जागा घेतली.

टीसीपी असे आश्वासन देतो की, पाठविलेले बाइट त्याच क्रमाने, न गळता आणि न दुणावता पोहोचतील. ते शक्य नसेल तर जोडणी तुटल्याचे कळेल. एक संदेश कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे सांगण्याची जबाबदारी मात्र तो घेत नाही. टीसीपीच्या दृष्टीने सारा मजकूर म्हणजे बाइटांचा एक अखंड प्रवाह असतो. कालव्यात एकामागून एक तीन घागरी ओतल्या तर पाणी खालच्या टोकाला पूर्ण पोहोचते. कोणते पाणी कोणत्या घागरीतले, हे तेथे सांगता येत नाही.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. प्रचलित इथरनेट जाळ्यात एका पॅकेटची कमाल मर्यादा १,५०० बाइट असते. त्यातून आयपी व टीसीपी यांच्या हेडरचे किमान २० अधिक २० बाइट वजा केल्यावर मजकुरासाठी १,४६० बाइट उरतात. म्हणजे ३,००० बाइटांचा संदेश १,४६०, १,४६० आणि ८० अशा तीन तुकड्यांत जाऊ शकतो. स्वीकारणाऱ्या प्रोग्रामने 'वाच' असा आदेश दिला की त्या क्षणी जेवढे बाइट आलेले असतील तेवढे त्याला मिळतात. ते १,४६० असू शकतात, २,९२० असू शकतात किंवा पूर्ण ३,०००. एका वाचनात एक संदेश मिळतो असे गृहीत धरणारा प्रोग्राम पहिल्या तुकड्यालाच पूर्ण संदेश समजतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. लहान लहान तुकडे वेगळे पाठवून जाळ्यावर भार पडू नये म्हणून ते एकत्र करण्याची पद्धत जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचविली. त्यामुळे एकापाठोपाठ पाठविलेले दोन छोटे संदेश एकाच वाचनात हाती येऊ शकतात. प्रोग्राम पहिला संदेश उचलून उरलेले बाइट टाकून देत असेल तर दुसरा संदेश हरवतो.

हा दोष चाचणीच्या वेळी सहसा उघड होत नाही. चाचणीत पाठविणारा व स्वीकारणारा प्रोग्राम बहुधा एकाच संगणकावर असतो. लिनक्समधील अशा अंतर्गत जोडणीची पॅकेटमर्यादा ६५,५३६ बाइट असल्याने बहुतेक संदेश एका दमात पोहोचतात. हीच प्रणाली दोन शहरांमधील जोडणीवर बसविली की संदेशांचे तुकडे होऊ लागतात आणि तेही रोज वेगळ्या ठिकाणी.

यूडीपी : वेगळा नियम, वेगळा दोष

यूडीपी हा प्रोटोकॉल १९८० मध्ये प्रमाणित झाला. तो टपालासारखा चालतो. प्रत्येक संदेश स्वतंत्र पाकिटात जातो, म्हणून सीमा टिकून राहतात. पण पाकीट पोहोचेलच याची हमी नसते. येथे संदेश अपुरा राहण्याचे कारण निराळे आहे. स्वीकारणाऱ्या प्रोग्रामने दिलेला बफर पाकिटापेक्षा लहान असेल तर बफरमध्ये मावेल तेवढाच मजकूर मिळतो आणि उरलेला कायमचा नष्ट होतो. टीसीपीमध्ये पुन्हा वाचल्यास उरलेला भाग मिळतो. यूडीपीमध्ये तो मिळत नाही.

सर्व्हर व राउटर यांच्या नोंदी गोळा करणारी 'सिसलॉग' पद्धत हे याचे चांगले उदाहरण आहे. आरएफसी ३१६४ या २००१ मधील दस्तऐवजात नोंदीची कमाल लांबी १,०२४ बाइट सांगितली होती. २००९ च्या आरएफसी ५४२४ नुसार स्वीकारणाऱ्याने किमान ४८० बाइट स्वीकारलेच पाहिजेत आणि २,०४८ बाइटांपर्यंत स्वीकारावेत अशी अपेक्षा आहे. नेटी ग्रंथालयाच्या चौथ्या आवृत्तीत यूडीपी वाचनाचा मूळ बफर २,०४८ बाइटांचाच आहे. त्याहून मोठी नोंद आली की ती नेमक्या त्याच ठिकाणी छाटली जाते. कॅमेलमध्ये प्राप्ती बफरचा अंदाजित आकार वाढविण्याची सोय आहे. मात्र संदेश नेहमीच मोठे असतील तर टीसीपीकडे वळणे अधिक श्रेयस्कर ठरते.

छाटणी प्रामाणिकपणे जाहीर करता येते, हे डोमेन नाव प्रणालीने दाखवून दिले आहे. १९८७ च्या तिच्या प्रमाणानुसार यूडीपीवरील उत्तर ५१२ बाइटांत बसविणे आवश्यक होते. ते बसत नसेल तर 'उत्तर छाटले आहे' असे सांगणारी एक खूण हेडरमध्ये ठेवली जाते आणि विचारणारा संगणक तोच प्रश्न टीसीपीवरून पुन्हा विचारतो. या मर्यादेत पुढे वाढ करण्यात आली, परंतु खुणेची पद्धत कायम राहिली.

संदेशसीमा ठरविण्याच्या तीन पद्धती

टीसीपी सीमा सांगत नसल्याने त्या संवाद साधणाऱ्या दोन्ही प्रणालींनी आपसांत ठरवाव्या लागतात. त्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

१. निश्चित लांबी : प्रत्येक संदेश ठरावीक बाइटांचा असतो. पद्धत सोपी आहे. पण लहान संदेशांत जागा वाया जाते आणि मोठे संदेश बसत नाहीत.

२. सीमाचिन्ह : संदेशाच्या अखेरीस ठरलेले चिन्ह येते. रुग्णालयीन प्रणालींमध्ये वापरल्या जाणाऱ्या एचएल७ च्या दुसऱ्या आवृत्तीतील संदेश 'एमएलएलपी' या वेष्टनात जातात. त्याच्या आरंभी ११ या मूल्याचा बाइट आणि अखेरीस २८ व १३ या मूल्यांचे दोन बाइट असतात. संदेशातील प्रत्येक उपविभागही १३ या बाइटनेच संपतो. त्यामुळे केवळ १३ दिसताच संदेश संपला असे मानणाऱ्या प्रोग्रामला फक्त पहिला उपविभाग मिळतो. सीमाचिन्ह मजकुरात अन्यत्र येणार नाही याची खात्री असणे, ही या पद्धतीची पूर्वअट आहे.

३. लांबीचा पूर्वउल्लेख : संदेशाच्या आधी त्याची लांबी सांगितली जाते. कार्डव्यवहारांसाठीचे आयएसओ ८५८३ हे मानक १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातील संदेशाआधी बहुधा दोन बाइटांत लांबी लिहिण्याची प्रथा आहे. स्वीकारणारा प्रथम ते दोन बाइट वाचतो आणि मग सांगितलेली लांबी पूर्ण होईपर्यंत वाचत राहतो.

तिसरी पद्धत सर्वांत भरवशाची मानली जाते, तरी तिच्यातही तीन गोष्टी आधी स्पष्ट असाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे बाइटांचा क्रम. ३०० ही लांबी १ आणि ४४ अशा दोन बाइटांत लिहिली जाते, कारण १ गुणिले २५६ अधिक ४४ म्हणजे ३००. क्रम उलटा वाचला तर तीच लांबी ११,२६५ होते आणि स्वीकारणारी प्रणाली कधीही न येणाऱ्या बाइटांची वाट पाहत बसते. दुसरी गोष्ट, लांबीत तिचे स्वतःचे दोन बाइट मोजले आहेत की नाहीत. यात गैरसमज झाला तर प्रत्येक संदेशाचे शेवटचे दोन बाइट गळतात किंवा पुढच्या संदेशाचे दोन बाइट मागच्यात शिरतात. तिसरी गोष्ट, लांबी अक्षरांत मोजली की बाइटांत. भारतीय भाषांच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे.

देवनागरी मजकुराची विशेष अडचण

यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनपद्धतीत इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. 'महाराष्ट्र' हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबाने मात्र त्यात म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त आणि र अशी दहा चिन्हे आहेत आणि त्यांचे बाइट होतात तीस.

पाठविणाऱ्या प्रोग्रामने चिन्हे मोजून लांबी १० लिहिली आणि स्वीकारणाऱ्याने ती बाइटांची लांबी मानली, तर तो दहाच बाइट उचलतो. त्यांतून 'महा' एवढा भाग आणि पुढील 'र' या चिन्हाचा एक तुटका बाइट हाती येतो. अनर्थ येथेच थांबत नाही. उरलेले वीस बाइट पुढील संदेशाची लांबी म्हणून वाचले जातात आणि तेथून पुढचा सारा प्रवाह चुकत जातो. इंग्रजी मजकुरात चिन्हांची आणि बाइटांची संख्या समान असल्याने हा दोष इंग्रजीतील चाचण्यांत दिसत नाही. नाव, गाव आणि पत्ता स्थानिक भाषेत नोंदविला जाऊ लागला की तो उघड होतो. नागरिकांना त्यांच्या भाषेत सेवा देणाऱ्या प्रणालींची चाचणीही त्याच भाषेत होणे म्हणूनच आवश्यक आहे.

मोबाइलवरील लघुसंदेशातही हेच गणित लागू होते. एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. सात बिटांच्या संकेतनात त्यांतून १६० अक्षरे जातात, तर नेहमी वापरल्या जाणाऱ्या सोळा बिटांच्या संकेतनात मराठी किंवा हिंदी मजकुराची केवळ ७० चिन्हे जातात. मजकूर अनेक भागांत विभागला तर जोडणीची माहिती ठेवावी लागत असल्याने प्रत्येक भागात ६७ चिन्हेच उरतात.

निदानाचा क्रम

अपुऱ्या संदेशाचे कारण शोधताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. छाटणीचे स्वरूप पाहणे : संदेश नेहमी १,०२४, २,०४८ किंवा ६५,५३५ अशा एकाच संख्येवर तुटत असेल तर कोठेतरी ठरावीक मर्यादा आहे. तुटण्याची जागा बदलत असेल किंवा ती १,४६० च्या पटीत असेल तर एका वाचनाला एक संदेश मानल्याची शक्यता अधिक. केवळ भारतीय भाषांतील संदेश तुटत असतील तर अक्षर आणि बाइट यांचा घोळ संभवतो. लहान संदेश सुरळीत जातात पण मोठे संदेश अडकून पडतात, असे असेल तर मार्गातील एखाद्या टप्प्याची पॅकेटमर्यादा कमी असून ती कळविणारे संदेश फायरवॉल अडवीत असण्याची शक्यता तपासावी.

२. पुराव्याचीच तपासणी करणे : अनेक प्रणाली आपल्या नोंदवहीत मोठा मजकूर मर्यादेपर्यंतच लिहितात. संदेश पूर्ण असतो, त्याची नोंद अपुरी असते. पॅकेट टिपणाऱ्या 'टीसीपीडम्प' या साधनाच्या जुन्या आवृत्त्या प्रत्येक पॅकेटचे पहिले ६८ बाइटच साठवीत असत. त्यामुळे निष्कर्ष काढण्यापूर्वी आलेल्या बाइटांची प्रत्यक्ष संख्या मोजून पाहावी.

३. दोन्ही टोकांना पॅकेट टिपणे : 'वायरशार्क'सारख्या साधनाने पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या संगणकावर एकाच वेळी पॅकेट टिपल्यास दोष कोणाच्या हद्दीत आहे हे ठरते. स्वीकारणाऱ्या संगणकापर्यंत सर्व बाइट पोहोचले असतील तर नेटवर्क दोषमुक्त होते आणि शोध प्रोग्रामपुरता मर्यादित होतो.

४. मुद्दाम प्रतिकूल चाचणी घेणे : एकच संदेश एकेक बाइट करून, मध्ये थांबत पाठवावा. नंतर दोन संदेश एकाच वेळी जोडून पाठवावेत. या दोन्ही चाचण्यांत टिकणारी प्रणाली प्रत्यक्ष वापरात सहसा फसत नाही.

५. उपाय सीमांकनात करणे : वाचण्यापूर्वी थोडा वेळ थांबणे किंवा टीसीपीसाठी नुसता बफर वाढविणे, हे तात्पुरते उपाय होत. त्यांनी दोष विरळ होतो, पण नाहीसा होत नाही. आणि विरळ दोष शोधणे अधिक कठीण असते. संदेशाची सीमा ओळखून ती पूर्ण होईपर्यंत बाइट साठविणारा डीकोडर मार्गाच्या आरंभी बसविणे हाच खरा उपाय आहे. असे डीकोडर नेटी ग्रंथालयात तयार मिळतात आणि एमएलएलपीसाठी कॅमेलमध्ये स्वतंत्र घटक आहे.

मर्यादा का ठेवाव्यात?

कॅमेलच्या नेटी घटकात ओळीनुसार वाचन करताना ओळीची मूळ कमाल मर्यादा १,०२४ आहे. ती ओलांडली गेली की अडचण टाळण्यासाठी मर्यादाच काढून टाकण्याचा मोह होतो. तसे करणे धोक्याचे आहे. लांबी अफाट सांगून प्रत्यक्षात काहीच न पाठविणारा हल्लेखोर प्रणालीची स्मृती व्यापून तिला ठप्प करू शकतो.

समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याचा परिणाम एप्रिल २०१४ मध्ये जगाने पाहिला. ओपनएसएसएल या सुरक्षा ग्रंथालयातील 'हार्टब्लीड' नावाने ओळखल्या गेलेल्या दोषात, प्रत्यक्ष मजकूर थोडा पाठवून लांबी मोठी सांगितली तर सर्व्हर आपल्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर परत करीत असे. मर्यादा गरजेनुसार वाढवावी, तिची नोंद ठेवावी आणि ती ओलांडणारा संदेश स्पष्ट त्रुटी नोंदवून नाकारावा, हे योग्य धोरण होय.

अपुरा संदेश स्वीकारण्याचा धोका

संदेश नाकारला गेला तर विलंब होतो. अपुरा संदेश पूर्ण समजून स्वीकारला गेला तर हानी होते. एचएल७ च्या रुग्णप्रवेश संदेशात रुग्णाचे नाव व ओळख सुरुवातीला येते, तर औषधांच्या ॲलर्जीची नोंद बरीच नंतर. शेपूट तुटलेला असा संदेश उदारपणे स्वीकारला गेला तर रुग्णाची नोंद वरकरणी नीटनेटकी दिसते, पण ॲलर्जीचा रकाना रिकामा राहतो. डॉक्टरांच्या दृष्टीने रिकामा रकाना म्हणजे ॲलर्जी नाही असा होतो.

आर्थिक व्यवहारांत उत्तराचा संदेश पोहोचला नाही किंवा वाचता आला नाही, तर खात्यातून रक्कम वजा होऊनही ग्राहकाच्या हाती पैसे पडत नाहीत अशी स्थिती उद्भवू शकते. यासाठी आयएसओ ८५८३ मध्ये व्यवहार उलटविण्याच्या संदेशांची स्वतंत्र तरतूद आहे. कारण कोणतेही असो, अशा अपयशी व्यवहारांत ग्राहकाचे हित जपण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाद्वारे कालमर्यादा ठरविल्या. एटीएमबाबत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा करणे आणि त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई देणे, ही तरतूद त्यात होती.

नव्या प्रणालींच्या रचनेत ही जाणीव दिसते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमधील संदेशांवर अंकीय स्वाक्षरी असते. संदेशातील एक बाइट जरी गळला तरी स्वाक्षरी जुळत नाही आणि संदेश नाकारला जातो. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने आरोग्यनोंदींसाठी एचएल७ संस्थेचेच 'फायर' हे नवे मानक स्वीकारले. जेसन या स्वरूपात लिहिलेला त्याचा संदेश मध्येच तुटला तर शेवटचा कंस न मिळाल्याने तो वाचलाच जात नाही.

समारोप

भारत सरकारने २०१५ मध्ये खुल्या एपीआयविषयीचे धोरण जाहीर केले. शासकीय प्रणालींनी एकमेकींशी आणि नागरिकांच्या सेवांशी सहज जोडले जावे, हा त्यामागील हेतू आहे. जोडण्यांची संख्या जसजशी वाढेल तसतसे संदेशाच्या पूर्णतेचे महत्त्वही वाढत जाईल. दोन संस्थांमधील तांत्रिक करारात संदेशाची सीमा कशी ओळखायची, लांबी बाइटांत कशी मोजायची, कमाल आकार किती, किती वेळ वाट पाहायची आणि अपुरा संदेश आल्यास काय करायचे, या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे असली पाहिजेत. ही उत्तरे एका पानावर मावतात. ती आधी लिहिली गेली नाहीत तर त्यांची किंमत खात्यातील रक्कम अडकलेल्या ग्राहकाला किंवा ॲलर्जीची नोंद हरवलेल्या रुग्णाला मोजावी लागते.